थ्रीडी दिसण्यावर पीएचडी करायचीय? मग आधी हा इतिहास वाचा

सांगली-मिरजेत बीएस्सी, इंजिनिअरिंग किंवा ऑप्टोमेट्री करणारी पोरं विचारतात की दोन डोळ्यांनी खोली कशी कळते, म्हणजे स्टिरिओप्सिस, यावर रिसर्च करायचा तर एमबीबीएस लागतं का. नाही लागत, आणि का ते कळायला या विषयाचा इतिहास बघायला पाहिजे, कारण यात मोठी कामं केलीत ती बहुतेक दुसऱ्याच लाइनमधून आलेल्या माणसांनी.

सुरुवात १८३८ ची. चार्ल्स व्हीटस्टन, इंग्लंडमधला, घरचा धंदा वाद्यं बनवायचा, कॉन्सर्टिना नावाचं वाद्य त्यानंच काढलेलं, त्यामुळे मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही हा माणूस जवळचा वाटावा. दोन डोळ्यांना वस्तू किंचित वेगळी दिसते हे लोकांना आधीपासून माहीत होतं, पण मग एकच वस्तू कशी दिसते याच कोड्यात सगळे अडकलेले. व्हीटस्टननं दाखवून दिलं की त्या फरकातूनच मेंदू खोली काढतो. त्यानं नुसत्या रेषांची दोन चित्रं काढली, प्रत्येक डोळ्याला दिसेल तशी, आणि आरशांतून एकेका डोळ्याला एकेक दाखवली की वस्तू उभी राहायची. शेडिंग मुद्दाम टाळलं, म्हणजे सावलीमुळं तसं वाटतंय असं कुणाला म्हणता येऊ नये. प्रयोग असा बांधावा हे मला अजूनही शिकण्यासारखं वाटतं.

भूगोलाच्या प्रॅक्टिकलला एअर फोटो बघायला आरशांचा स्टिरिओस्कोप असतो ना, तो याच जातीचा. साठेक टक्के ओव्हरलॅप असलेले दोन फोटो खाली ठेवायचे, एक हळूहळू सरकवत राहायचं, आधी सगळं डबल दिसतं, डोळे ताणतात, आणि मग एकदम डोंगर कागदातून वर येतो, तोही खऱ्यापेक्षा उंच, दंडोबासारखा बेताचा डोंगर असला तरी सुळक्यासारखा वाटेल, कारण दोन फोटोंच्या मधे विमान जेवढं पुढं गेलं ते अंतर आपल्या दोन डोळ्यांमधल्या सहा-साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कितीतरी पट जास्त असतं.

पुढची मोठी उडी बेला युलेश यांची. हंगेरीतून अमेरिकेत आलेले, रडारवाले इंजिनिअर, बेल लॅब्जमध्ये कामाला. तोपर्यंत समज असा की मेंदू आधी प्रत्येक डोळ्यात वस्तू ओळखतो, मग तुलना करतो. युलेशनी कॉम्प्युटरवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन चौकोन केले, दोन्ही एकसारखे, फक्त मधला तुकडा एकात जरा बाजूला सरकवलेला. एका डोळ्यानं बघा, नुसता कचरा, काहीच आकार नाही. दोन्ही डोळ्यांनी बघा, मधला चौकोन हवेत तरंगतो. १९६० ला पेपर आला आणि आधीचा समज कोसळला.

मग मेंदूत हे होतं कुठं? १९६७ ला बार्लो, ब्लेकमोर आणि पेटिग्र्यू यांनी मांजराच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या ज्या दोन डोळ्यांतल्या ठरावीक फरकालाच प्रतिसाद देतात. यातला ब्लेकमोर तेव्हा बर्कलीत पीएचडी करत होता, हे मुद्दाम सांगतोय. ह्युबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लांवर दाखवलं की लहानपणी दोन डोळे एकत्र वापरले नाहीत तर मेंदूतली ही जोडणी बिघडते, त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. तिरळेपणा किंवा आळशी डोळा असलेल्या पोराला डॉक्टर लवकर आणा म्हणतात त्यामागं हेच काम आहे. पोलराइज्ड चष्मा लावून मोठ्या माशीचं चित्र दाखवतात आणि पंख पकड म्हणतात, स्टिरिओ असलेलं पोर कागदाच्या वर हवेतच चिमूट धरतं, नसलेलं सरळ कागदावर बोट टेकवतं. एवढ्याशा टेस्टमध्ये वरचा सगळा इतिहास आहे.

मोठ्यांचं मात्र काही होत नाही असं बरीच वर्षं मानत होते. सूझन बॅरी या न्यूरोसायन्सच्या प्राध्यापिकेला ४८ व्या वर्षी व्हिजन थेरपीनंतर, म्हणजे दोन डोळे एकत्र वापरायच्या व्यायामांनंतर, थ्रीडी दिसायला लागलं, आणि तो प्रश्न पुन्हा उघडला. माझ्या मते सध्या सगळ्यात कामाचं क्षेत्र हेच. शिवाय अजून एक कोडं आहेच, चांगली नजर असलेला माणूस दहा आर्कसेकंदांपेक्षा (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) कमी फरकसुद्धा पकडतो, आणि रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याच्या, मधोमध प्रकाश टिपणाऱ्या दोन शंकूपेशींतलं (cones) अंतरच तीसेक आर्कसेकंद असतं!

जागांचं म्हणाल तर भारतात हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान, बंगळूरच्या आयआयएस्सीचं न्यूरोसायन्स सेंटर, अलाहाबाद विद्यापीठाचं कॉग्निटिव्ह सायन्सचं सेंटर ही नावं आधी बघा. सगळीकडे स्टिरिओवरच काम चालू असेल असं नाही, त्यामुळे लॅबचे अलीकडचे पेपर वाचूनच ठरवा. परदेशात बर्कलीची ऑप्टोमेट्री, टोरंटोचं यॉर्क विद्यापीठ आणि न्यूकॅसल, जिथं प्रार्थनाकीटकाला इवलासा थ्रीडी चष्मा चिकटवून प्रयोग झाले. अर्ज करायच्या आधी पायथनमध्ये युलेशचे ठिपके स्वतः करून बघा, चारपाच ओळखीच्यांना दाखवा, कुणाला किती वेळानं दिसलं ते लिहून ठेवा, आणि प्रोफेसरना मेल करताना मार्कशीटच्या आधी ते जोडा.