काटेरी वनस्पतींची मराठी नावे व वर्णनशब्द

काटे, कणसे आणि लक्षात राहण्याजोगी फुले वा पाने असलेल्या वनस्पतींसाठी मराठीत रूढ असलेली नावे व विशेषणे. येथे त्यांचा विचार मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील वनस्पती समोर ठेवून केला आहे. पश्चिमेकडे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा सह्याद्रीचा भरपूर पावसाचा पट्टा आणि पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव हा कमी पावसाचा टापू असे दोन निराळे प्रदेश या एकाच जिल्ह्यात येत असल्यामुळे घाटातल्या करवंदीपासून माळावरच्या वेड्या बाभळीपर्यंत नाना तऱ्हेचे काटे येथे सापडतात.

वनस्पतिशास्त्र काट्यांचा विचार ते कोणत्या अवयवापासून झाले यावरून करते. बेल, डाळिंब व बोगनवेल यांचे काटे म्हणजे रूपांतरित फांद्या. निवडुंगाचे काटे म्हणजे रूपांतरित पाने. बाभूळ व बोर यांचे काटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून झालेले. तर गुलाब, पांगारा आणि काटेसावर यांचे काटे केवळ सालीवरचे उंचवटे असून ते बाजूने दाबले असता सहज निखळतात. बोलीभाषेला ही विभागणी ठाऊक नाही. तिच्या लेखी हे सगळे काटेच. मात्र म्हणून बोली ढोबळ आहे असे समजणे चूक ठरेल, कारण काटा कोठून उगवला यापेक्षा तो अंगाला कसा लागतो याचा हिशेब ती फार बारकाईने ठेवते. गवताच्या दाण्याला असते ते कुसळ; ते ओलाव्याने पीळ उलगडत कापडात शिरते. जमिनीवर पडून अनवाणी पायाची वाट पाहतो तो सराटा, म्हणजे गोखरूचे फळ. संस्कृतातील ‘गोक्षुर’ या नावात गाईचा खूर आहे आणि ‘त्रिकंटक’ या पर्यायी नावात काट्यांची मोजदाद आहे. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव मात्र टोचण्यापेक्षा खाजवते, म्हणून नावात काटा न येता खाज आली.

बोरीची फांदी जवळून पाहिली तर पानाच्या तळाशी काट्यांची जोडी दिसते. त्यांतला एक काटा सरळ व लांब असतो आणि दुसरा आखूड व मागे वळलेला. बोरे काढण्यासाठी हात आत घालताना फारसे काही होत नाही. तो बाहेर घेताना वळलेला काटा बाही धरून ठेवतो. बाभळीचे काटे पांढरे, सरळ व जोडीने येणारे असतात आणि ते चपलेच्या तळातून आरपार जातात. करवंदीचा काटा पुष्कळदा टोकाशी दुभंगलेला असतो. तोडलेल्या काटेरी फांद्यांच्या जुडग्याला ग्रामीण बोलींत फेसाटी म्हणतात. जिल्ह्यात बागलाण, मालेगाव व देवळा या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. तेथे वाऱ्याने फांदी हलून फळावर काट्याचा ओरखडा उठला की भाव उतरतो, म्हणून छाटणी करताना काट्यांकडेही लक्ष द्यावे लागते.

नावे घडण्याच्या काही ठरलेल्या रीती आहेत. सर्वांत सोपी रीत म्हणजे ‘काटे’ हे पद पुढे जोडणे. काटेसावर, काटेकोरांटी, काटेमाठ, काटेरिंगणी ही त्याची उदाहरणे असून काटेमाठ या नावाने भाजीचा माठ आणि शेतातले काटेरी तण यांतला भेद एका शब्दात सांगून टाकला आहे. दुसरी रीत प्राण्यांच्या अवयवांवरून नाव देण्याची. फड्या निवडुंगाचे चपटे कांडे नागाच्या फड्यासारखे दिसते. वाघाटीच्या वेलीला वाघाच्या नखांसारखे आकडेबाज काटे असतात. तिचे फळ गोविंदफळ म्हणूनही ओळखले जाते व आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना त्याची भाजी करण्याची चाल आहे. फुलापानांच्या बाबतीतही हीच दृष्टी दिसते. गोकर्णाचे फूल गाईच्या कानासारखे, भुरुंडीचा वळलेला फुलोरा हत्तीच्या सोंडेसारखा म्हणून तिला हत्तीसोंड हे दुसरे नाव, आणि कोंबड्याचा तुरा तर इतका हुबेहूब की त्या फुलझाडाचे नावच कोंबडा पडले.

साम्यावरून दिलेली नावे कधी कधी दिशाभूल करतात. पिवळा धोत्रा मूळचा मेक्सिकोकडचा व अफूच्या कुळातला असून त्याचा खऱ्या धोत्र्याशी काही संबंध नाही. दोघांची फळे काटेरी एवढेच काय ते साम्य. ‘निवडुंग’ या शब्दाने तर अमेरिकेतून आलेला फड्या आणि चीक गळणारा येथला त्रिधारी या दोन वेगळ्या कुळांतील वनस्पतींना एका घरात आणून बसवले आहे.

फुलोऱ्याच्या वर्णनात ‘कणीस’ हा शेतीतला शब्द मध्यवर्ती आहे. शास्त्रीय मराठीत त्याच्याच ‘कणिश’ या रूपाने, लांब दांड्यावर बिनदेठाची फुले असलेला फुलोरा दर्शवला जातो. फुलांना देठ असतील तर तीच मंजरी. आघाडा व कुर्डू ही कणिशाची नेहमी दिसणारी उदाहरणे होत. आघाड्याची फुले उमलल्यानंतर खाली वळून दांड्याला चिकटतात, त्यांची छदे, म्हणजे फुलाच्या तळाची पानासारखी लहान अंगे, टोकदार असतात आणि बाजूने जाणाऱ्याच्या धोतराला वा लुगड्याला ती धरतात. संस्कृतातील ‘खरमंजरी’ हे नाव या खरखरीतपणावरूनच आले.

पानांसाठी दलांची संख्या हे मुख्य गमक मानले जाते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वतोमुखी असली तरी शास्त्राच्या दृष्टीने ती तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. बेलाबाबत ‘त्रिदळ’ हा रूढ शब्द अधिक काटेकोर म्हणावा लागेल, कारण तो पाने मोजत नाही, दले मोजतो. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत बेल, बोर, शमी, डोरली, डाळिंब व केवडा एवढ्या काटेरी वनस्पती आहेत. त्यामुळे नाशकात गोदाकाठी, म्हणजे नाशिककरांच्या भाषेत गंगेवर, पत्रीच्या जुड्या विकत घेताना त्या जपूनच हाताळाव्या लागतात.

वेगळ्या फुलाचे स्थानिक उदाहरण म्हणजे त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जाती. तिचे शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. या गटातील फुलांची नळी तळाशी फुगीर असते आणि बहुतेक जातींत पाकळ्यांची टोके वर जुळून कंदिलाच्या काचेभोवतीच्या तारांसारखा पिंजरा तयार होतो. आत शिरलेले चिलट काही काळ अडकते व परागण घडते. मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत, ते फुलबागांच्या संदर्भात. गावांनी मात्र रानातल्या झाडांची नावे घेतली असावीत असे दिसते: नाशिकजवळ पळसे, येवल्याजवळ बाभूळगाव, सुरगाण्याकडे बोरगाव.