मूळ कागद वर्गात कसे पोचले

१४९८च्या मे महिन्यात वास्को द गामाची जहाजं कालिकतला लागली तेव्हा तो स्वतः लगेच उतरला नाही, जहाजावर शिक्षा झालेले काही कैदी होते त्यातल्या एकाला आधी किनाऱ्यावर पाठवलं. त्याला तिथे भेटले कोण, तर ट्युनिसचे दोन मुसलमान, त्यांना कॅस्टिलियन म्हणजे स्पेनकडची आणि जिनोव्हाची भाषा येत होती, आणि त्यांचं पहिलंच बोलणं 'सैतान घेऊन जावो तुला, इथे कशाला आलास?' अशा अर्थाचं. उत्तर मिळालं, ख्रिश्चन आणि मसाले शोधायला. हे सगळं त्याच सफरीवर असलेल्या माणसाच्या रोजनिशीत आहे, ती पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात १८३८ साली छापली गेली.

मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला इतिहास शिकवते. अकरावीच्या मुलांसमोर हा अर्ध्या पानाचा उतारा मराठीत करून ठेवला की पहिला प्रश्न जवळजवळ दरवर्षी तोच येतो, मॅडम, कालिकतला स्पॅनिश बोलणारा माणूस आधीच कसा काय होता? मग फळ्यावर ट्युनिस, कैरो, तांबडा समुद्र, मिरीचे भाव असं सगळं येतं आणि 'वास्को द गामाने भारताचा शोध लावला' हे पाचवीपासून डोक्यात बसलेलं वाक्य मुलं आपणहून खोडतात. मला ते खोडून द्यावं लागत नाही, त्यासाठीच मी मूळ कागद मुलांपुढे ठेवायच्या ह्या पद्धतीला धरून आहे.

आता ही पद्धत आली कुठून ते सांगते, कारण स्टाफरूममध्ये बरेचजण हिला नवीन फॅड समजतात. इतिहास मूळ कागदांवरून लिहायचा हा आग्रह जर्मनीत लिओपोल्ड फॉन रांकेने धरला, १८२४च्या त्याच्या पुस्तकात 'प्रत्यक्षात कसं होतं' तेवढंच दाखवायचं असं तो म्हणाला आणि पुढे बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन कागद वाचायला बसायचा. पण ते सगळं युनिव्हर्सिटीपुरतं. शाळकरी मुलांना हे जमेल असं ठामपणे म्हणून तसं पुस्तकच काढणारी बाई अमेरिकेतली, मेरी शेल्डन बार्न्स. १८८५ला तिचं जगाच्या सामान्य इतिहासाचं पाठ्यपुस्तक आलं, त्यात गोष्ट सांगायच्या ऐवजी ग्रीक-रोमन लेखकांचे उतारे, कायदे, याद्या, आणि खाली प्रश्न, उत्तर मात्र दिलेलं नाही, ते मुलांनी काढायचं. तेव्हा सगळीकडे धडा तोंडपाठ करून म्हणून दाखवणं हाच इतिहासाचा तास होता, त्या काळात एका बाईने हे करणं किती मोठं होतं ते मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

ते टिकलं नाही. १८९९ला अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेच्या सात जणांच्या समितीने सांगितलं की मूळ साधनं पूरक म्हणून ठीक, पण फक्त त्यांच्यावर शाळेचा इतिहास उभा राहणार नाही. त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, ज्या मुलाला रोम कुठे आहे तेच माहीत नाही त्याच्या हातात रोमन कायदा देऊन काय होणार? इंग्लंडमध्ये कीटिंज नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १९१०च्या पुस्तकात परत तोच विषय काढला, एकाच घटनेचे दोन साक्षीदार वेगळं सांगतायत तर कोणाचं धरायचं, असले व्यायाम. तेही मागे पडलं.

गंमत बघा, त्याच १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्याच्याही आधीचा, १८९८चा, आणि पुढे असे बावीस खंड. म्हणजे मराठी माणसाला 'साधन' हा शब्द आणि त्याच्यामागची तळमळ बाहेरून आणावी लागलेली नाही, गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करणारी माणसं आपलीच. फक्त ते वेड शाळेच्या दारात आलं नाही. संशोधकाने कागद वाचायचे, मुलांनी गोष्ट ऐकायची, अशी वाटणी होऊन बसली आणि जगाचा इतिहास तर त्याहून लांब राहिला, तो म्हणजे सनावळी.

आणि गोव्यात तर कागदांना तोटाच नाही! १५९५मध्ये राजाच्या हुकमाने इथे दफ्तरखाना सुरू झाला आणि तो दियोगु द कौतु ह्या इतिहासकाराच्या ताब्यात दिला, तोच आज पणजीतलं पुराभिलेख खातं. पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनचा राजा आणि इथला व्हाइसरॉय यांचा जो पत्रव्यवहार चालायचा त्याच्या बाडांना नावच मुळी 'मोन्सोंयस दु रैनु', राज्याचे मान्सून. कुन्य रिव्हारा ह्या पोर्तुगीज अभ्यासकाने १८५७पासून ह्यातले कागद छापायला घेतले. मग पिळर्णचे पांडुरंग पिसुर्लेकर, त्यांनी वर्षानुवर्षं हा दफ्तरखाना सांभाळला, व्हाइसरॉयला सल्ला देणाऱ्या राज्य मंडळाच्या बैठकांचे ठराव पाच खंडांत काढले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवर मराठीतही लिहिलं. लिस्बन, मोझांबिक, मकाव, मस्कत, पुणे, सगळे एका छपराखाली, आणि आमची मुलं जगाचा इतिहास शिकतात तो कुठल्यातरी दुसऱ्यांचा म्हणून, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेत ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती इंग्लंडमध्ये १९७२ला लीड्समधून सुरू झालेल्या स्कूल्स कौन्सिल ह्या अभ्यासक्रम बघणाऱ्या संस्थेच्या १३ ते १६ वयाच्या मुलांसाठीच्या प्रकल्पामुळे. त्यांचा पहिला धडाच कसा, तर एक तरुण मेलेला सापडलाय, कल्पित हां, आणि त्याच्या पाकिटातली तिकिटं, पावत्या, चिठ्ठ्या मुलांपुढे, ह्याच्यावरून हा कोण होता, कुठे चालला होता ते सांगा. पुरावा म्हणजे काय ते एका तासात कळतं. पुढे १९८८पासून तिथल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतही साधनांवरचे प्रश्न आले, आणि तिथेच बिघडलं असं मला वाटतं. उतारे झाले तीन-तीन ओळींचे, मुलं शिकली ठरलेलं उत्तर, 'लेखक त्या बाजूचा आहे म्हणून हे साधन पक्षपाती आहे', मार्क मिळाले, विषय संपला. पक्षपाती साधनच तर सगळ्यात जास्त बोलतं, फक्त त्याला काय विचारायचं ते कळलं पाहिजे.

ते काय विचारायचं हे १९९१मध्ये सॅम वाइनबर्ग ह्या अमेरिकन संशोधकाने फार छान दाखवलं. आठ इतिहासकार आणि आठ हायस्कूलची हुशार मुलं, दोघांनाही अमेरिकन क्रांतीतल्या लेक्झिंग्टनच्या चकमकीचे कागद दिले आणि वाचताना मनात येतं ते मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. इतिहासकार आधी कोणी लिहिलंय, कधी, कोणासाठी ते बघायचे, मुलं पहिल्या ओळीपासून धडा वाचल्यासारखी वाचत सुटायची. त्यातल्या काही इतिहासकारांचा तो विषयच नव्हता, माहिती काही मुलांनाच जास्त होती, तरी कागद उलगडला इतिहासकारांनी.

आपल्याकडे २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीची जी पुस्तकं आली त्यात हे वारं पोचलं, जगाच्या इतिहासाच्या अकरावीच्या पुस्तकात आणि बारावीच्या तीन भागांत चौकटी करून उतारे दिलेत, चांगले आहेत. पण पोर्शन संपवायच्या घाईत चौकट सगळ्यात आधी गळते, आणि दुसरी अडचण भाषेची. गोव्याशी जोडलेली साधनं पोर्तुगीजमध्ये, फार तर इंग्रजीत. गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ला गोव्यातच छापलं, सगळं संवादात आहे, आंब्यावर बोलताना तो मुंबईच्या आपल्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं म्हणून मिरवतो. बाबरनेही आंब्यावर लिहिलंय, चांगला असला तर फारच चांगला, पण तसे थोडे. हे दोन उतारे समोरासमोर ठेवले की मानकुराद ह्या गोव्याच्या आंब्यावर वाढलेली मुलं बाबरवर तुटून पडतात. मग विचारायचं, ओर्ताच्या पुस्तकात काजू का नाही आणि वीसेक वर्षांनी गोव्यात राहून गेलेल्या लिन्शोतेन ह्या डच प्रवाशाच्या पुस्तकात कसा आहे? असे सात-आठ उतारे तरी पूर्ण लांबीचे, साध्या मराठीत, वर कोण-कधी-कोणासाठी एवढ्या तीन ओळी घालून प्रत्येक शाळेत असले पाहिजेत. मी सध्या स्वतः करून झेरॉक्स काढते.

ह्यावर्षी घेतला तो १५२६चा फोराल, म्हणजे गावांच्या रिवाजांची पोर्तुगीज सनद. तेच साल पानिपतचं, तेच मोहाचचं, जिथे सुलेमानने हंगेरीचा राजा हरवला, आणि त्याच सालच्या सप्टेंबरात आफोंसु मेशिया नावाचा महसूल अधिकारी गोव्यातल्या तिसवाडी बेटाच्या गांवकऱ्यांचे, म्हणजे गावची जमीन सामाईक धरणाऱ्या घराण्यांचे, रीतिरिवाज ४९ कलमांत लिहून काढतो. सुरुवातीलाच येतं की पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर येऊन वसली. हे कोणी लिहिलं म्हटल्यावर एकजण म्हणाला, ज्याला कर हवा त्याने. आणि त्याला कोणी सांगितलं? गांवकऱ्यांनी. तेवढ्यात मागच्या बाकावरून, मग बेट ओसाड होतं हे दोघांच्याही फायद्याचंच ना, आधी कोण होते ते कोणी सांगायचं? त्या दिवशी पुढची कलमं राहिलीच.

पुढच्या आठवड्यात त्यातल्याच एका मुलीने आजोबांच्या पेटीतला एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून आणला, मोडीतला, घरात कोणाला वाचता येत नव्हता. वाचून घ्यायच्या आधी वर्गाने अर्धा तास नुसता बघितला, घड्या कुठे पडल्यात, शाई दोन प्रकारची का, खाली किती जणांच्या खुणा. मोडी जाणणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मग वाचून दिला. कुळागरातल्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतल्या, पाण्याची वाटणी होती, कोणाच्या माडांना किती घटका.