जनुक बदलणं वेगळं, जनुकाचं काम बदलणं वेगळं

‘आतड्याच्या पेशीला चिकटताच जिवाणूची जनुकं बदलतात.’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं आणि दर वेळी चीड येते. जनुकं आहेत तशीच राहतात. बदलतं ते त्यांचं काम.

म्युटेशन कोरोनाच्या काळात सगळ्यांना पाठ झालंय. डीएनएची प्रत निघताना एखादं अक्षर चुकतं, तेही योगायोगाने, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. इतकंच.

खरी गंमत दुसऱ्या गोष्टीत आहे. तान्ह्या बाळांना जुलाब करणारा ईपेक हा ई. कोलायचा प्रकार घ्या. पेशीला भिडला की सुईसारख्या यंत्रणेतून तो आपली प्रथिनं तिच्यात टोचतो. त्यातलं टिर नावाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि जिवाणूच्या अंगावरचं इंटिमिन हे प्रथिन त्यालाच घट्ट धरतं. धरायची जागासुद्धा जंतू स्वतःच पाठवतो!

टोचण्याआधी यातली बरीच प्रथिनं सेसटी नावाच्या प्रथिनाच्या ताब्यात असतात. नवरीच्या पाठराखणीसारखंच ते, फक्त सासरी न जाता उंबऱ्यावरून माघारी फिरणारं. प्रथिनं पेशीत गेली की सेसटी रिकामं होतं आणि सीएसआरए नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. सीएसआरए एरवी काही एमआरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या संदेशाच्या प्रती, धरून ठेवतं, त्यांच्यापासून प्रथिन बनू देत नाही. आता तेच अडकल्यामुळे एनएलईएसारखी, पुढे पेशीत टोचायची प्रथिनं जास्त बनू लागतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे दाखवून दिलं.

यात डीएनएचं एक अक्षरही हललेलं नाही. पण ‘जनुकाचं बटण दाबलं’ असं लिहिलेलंही मला पटत नाही. एमआरएनए आधीच तयार होता, अडवणूक त्याच्या पुढच्या पायरीवर होती.

या घोळातून आणखी एक गैरसमज निघतो, की आतड्याला चिकटलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. प्रतिजैविकांना होणारा प्रतिकार बहुतेकदा म्युटेशनमधून किंवा दुसऱ्या जिवाणूकडून आलेल्या प्लाझ्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यातून, येतो. त्याची सांगड सेसटीशी घालू नका. उलट, ती टोचणारी सुईच बंद पाडली तर सेसटी रिकामं होणार नाही आणि पुढची साखळी सुरूच होणार नाही. जंतूला न मारता फक्त ही सुई निकामी करणाऱ्या औषधांचा शोध त्यासाठीच मोलाचा आहे.