काळी काजळी आणि म्हातारी पेशी

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या सांगलीत गच्चीवर कपडे वाळत घालायची पंचाईत होते. पांढऱ्या सदऱ्यावर बगॅसच्या, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाच्या, काजळीचे काळे लांबट तुकडे पडतात, बोटानं चिरडले की नुसता बुक्का. परवा आई ते झटकताना म्हणाली, "बघ, हेच आपल्या फुफ्फुसात जात असणार", आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. कारण एवढे मोठे तुकडे फुफ्फुसात खोल जातच नाहीत, ते नाकात, घशात अडकतात आणि शिंकेबरोबर, खाकरण्याबरोबर बाहेर पडतात. काळजी करायची ती सदऱ्यावर न दिसणाऱ्या कणांची.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. ते फक्त धुराड्यातूनच येतात असं नाही, तोडणी सोपी जावी म्हणून पेटवलेला उसाचा फड, नंतर जाळलेलं पाचट, डिझेलचे ट्रक, कचऱ्याचा ढीग आणि घरातली चूल, सगळीकडून येतात. २०१९ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात हवा निकषात न बसणाऱ्या शहरांमध्ये पुण्या-मुंबईबरोबर आपली सांगलीही आहे. आणि आपला निकष तरी किती, तर वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणतेय.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जरा सावकाश वाचा. हा कण वायुकोशापर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशवीपर्यंत, पोचला की तिथली भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्याला गिळते. जंतू असता तर तिनं पचवला असता, पण काजळी म्हणजे कार्बन, ती पचत नाही. मग पेशी चवताळते, सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा तिखट प्रकार सोडते, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखमेवर ओतल्यावर फेस येतो ना तेच. पेरॉक्साइड एकटं तसं सौम्य, पण काजळीच्या कणावर लोह, तांबं असे धातू बसलेले असतात, आणि लोह भेटलं की पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला चावणारा रेणूचा तुकडा, तयार होतो. ही फेंटन अभिक्रिया, १८९४ सालची. हा रॅडिकल सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढाच टिकतो, त्यामुळे जिथं जन्मतो तिथंच चावतो. पेरॉक्साइड मात्र लांब फिरतं, थेट केंद्रकात जातं, तिथं डीएनएजवळ लोह असलं की रॅडिकल तिथंच तयार होणार.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन, म्हणजे जी, सगळ्यात पटकन ऑक्सिडाइज होतं. आणि गुणसूत्राच्या टोकाला, टेलोमिअरमध्ये, काय लिहिलेलं असतं? टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी, हजारो वेळा. बुटाच्या लेसच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी असते तसं हे टोक, नेमकं तिथंच जी चे ढीग! टेलोमिअर तसाही दर विभाजनाला थोडा झिजतोच (पेशी ठराविक वेळाच विभागते हे हेफ्लिक या शास्त्रज्ञानं १९६१ ला दाखवलं, टेलोमिअरवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं), वरून हे ऑक्सिडेशन झालं की झीज वाढते. टोक फार आखूड झालं की पी-५३ नावाचं प्रथिन ब्रेक मारतं आणि पेशी विभागायची थांबते. पण मरत नाही, ही सेनेसंट पेशी, मी तिला म्हातारी पेशी म्हणतो. ती गप्प पण बसत नाही, सूज वाढवणारी रसायनं शेजाऱ्यांवर सोडत राहते आणि शेजारच्या चांगल्या पेशीही म्हाताऱ्या होतात. तासगावच्या बागायतदाराला विचारा, घडात एक मणी सडला आणि वेळेत काढला नाही तर काय होतं.

तरुणपणी प्रतिकारशक्ती हे सडके मणी काढत असते, वय वाढलं की हात संथ होतो. सूज रक्तातून सगळीकडे फिरते, म्हणून धुराचा संबंध नुसत्या खोकल्याशी नाही, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेहाशी लागतो, आणि २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येणाऱ्या कारणांत प्रदूषित हवा घातली. साखळीतल्या कड्या वेगवेगळ्या प्रयोगांत दिसल्यात, एकाच माणसात पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी पाहिलेली नाही, पण दिशा एकच आहे.

आता एक सांगतोच. गूळ खाल्ला की छातीतला धूर सुटतो हे इकडे सर्रास ऐकायला मिळतं. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, वायुकोशात नाही, बस. आणि ऑक्सिडेशन म्हटल्यावर अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणाऱ्या, गोळ्या खपवणारेही निघालेत. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली, १९९४ चा निकाल, बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी नाही, उलट जास्त निघाला. गोळीच्या डबीवर हे लिहीत नाहीत.

आष्ट्याच्या माझ्या आत्याला डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसणारा दम लागण्याचा आजार, सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आरं, मी जन्मात बिडी शिवली न्हाई." शिवली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणी धरून बसली, पाचटानं चूल पेटवली. वय झालं की दम लागतोच म्हणून घरात कुणी चौकशीच केली नाही. आता गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, तेवढी चूल परसात हलवायची असं भावानं आणि मी ठरवलंय, येत्या रविवारी विटा न्यायच्यात.