महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी : मराठवाड्यातून शोध आणि अर्ज कसा करावा

पणजोबा ‘लढाईवर गेले, कैदेत सापडले’ एवढंच घरात माहीत असलं तरी शोध सुरू करता येतो. फक्त आधी दोन गोष्टी नक्की करा : महायुद्ध पहिलं की दुसरं, आणि पलटण कोणती. पहिल्या महायुद्धाचं पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. बहुतेक वेळा क्रमांक, नाव आणि पलटण तिथेच कोरलेली असते.

मराठवाड्यात आणखी एक गोम आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे माणूस इंग्रजांच्या फौजेत होता की निजामाच्या, हे पाहावं लागतं. निजामकालीन दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे आणि त्यात फारसी-उर्दू भरपूर. उर्दू वाचणारं कुणी सोबत न्या.

पहिल्या महायुद्धासाठी अर्ज, पात्रता, फी काहीच नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने १९१४-१८ च्या कैद्यांची कार्डं स्कॅन करून संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. कार्डावर एखादा संदर्भ क्रमांक दिसला तर तो उतरवून घ्या आणि त्याच संकेतस्थळावर टाका. मूळ यादीचं पान उघडतं. २९ एप्रिल १९१६ ला आजच्या इराकमधलं कुत-अल-अमारा तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथे होत्या, पण तुर्कांकडच्या कैद्यांच्या, त्यातही हिंदी शिपायांच्या, याद्या अपुऱ्या आहेत. कार्ड मिळालं नाही म्हणून माणूस कैदेत नव्हता, असं समजू नका.

दुसऱ्या महायुद्धासाठी मात्र अर्ज करावा लागतो. तोही रेडक्रॉसच्या अभिलेखागाराकडे, ऑनलाइन, आणि वर्षातून ठराविक वेळीच; मर्यादित अर्ज घेतात, म्हणून खिडकी कधी उघडते यावर लक्ष ठेवा. अर्ज इंग्रजीत चालतो. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख (नसेल तर अंदाजे साल), फौजी क्रमांक, पलटण, कुठे पकडले गेले, हे आधी कागदावर लिहून काढा. नातं दाखवणारे कागद, म्हणजे शाळेचा दाखला, वारसाचा फेरफार, पेन्शनचं जुनं पुस्तक, स्कॅन करून ठेवा. उत्तर यायला काही महिने लागतात. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडल्यावर जपानच्या हाती लागलेल्यांबाबत फार आशा नको : युद्धकैद्यांच्या वागणुकीबाबतच्या १९२९ च्या जिनिव्हा कराराला जपानने मान्यताच दिली नव्हती, म्हणून तिकडून आलेली माहिती तुटपुंजी.

कैदेतच मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची, यादी संकेतस्थळावर मोफत पाहा. तिथे ‘अमक्याचा मुलगा, अमुक गावचा’ अशी नोंद बऱ्याचदा सापडते, म्हणून नुसत्या नावावर न थांबता जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गाव किंवा जिल्हाही टाकून बघा. शिंदेंचं आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेलं भेटेल. जुन्या इंग्रजी कागदांत बीडचं ‘भीर’ आणि नांदेडचं ‘नांदेर’ होतं. तेही टाकून पाहा.

सरकारी फायलींसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे. ईमेलवर नोंदणी केली की स्कॅन झालेल्या फायली घरबसल्या वाचता येतात. प्रत्यक्ष जायचं तर फोटो ओळखपत्र लागेल, विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांचं पत्रही जवळ ठेवावं. ‘नोंद काढून देतो’ म्हणत पैसे मागणारे एजंट भेटतील. वरची संकेतस्थळं स्वतः चाळून होईपर्यंत त्यांना एक रुपया देऊ नका.