गाडी चालवताना मोबाइल वापरल्याचं ई-चलान आलंय? भरायच्या आधी हे बघा

मेसेज आला की आपण घाबरून आधी यूपीआय उघडतो, तसं करू नका, पहिल्यांदा चलानवरचा फोटो बघा. माझ्या मेव्हण्याला मोबाइलवर बोलल्याचं चलान आलं, फोटो मोठा करून बघितला तर राखाडी मोपेड, चालवणाऱ्या बाईंनी मान वाकडी करून फोन खांद्यात दाबलेला, आणि ह्याची गाडी लालभडक! नंबरातला 3 कुणीतरी 8 वाचलेला.

दंड महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून टू-व्हीलरला 1000, कारला 2000, मोठ्या गाड्यांना 4000 आणि 3 वर्षांच्या आत परत सापडलात तर सरळ 10,000. हे नो पार्किंगच्या पावतीसारखं नाहीये, मोटार वाहन कायद्याचं कलम 184 म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग, 2019 च्या दुरुस्तीत हातातला फोन त्यात घातलाय, त्यामुळे पोलिस लायसन्स काढून घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात. मॅपला मात्र सूट आहे, ऑक्टोबर 2020 पासून फक्त रस्ता बघायला फोन चालतो, पण लक्ष विचलित व्हायला नको. होल्डर घ्या हो, एका हातात फोन धरून 'साहेब मॅप बघत होतो' म्हटलं तर कोण ऐकणार?

आता प्रोसेस. महाट्रॅफिकच्या, म्हणजे महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चेसीस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे 4 आकडे टाकले की पेंडिंग चलानं दिसतात. चेसीस नंबर आरसीवर असतो, आरसी घरात सापडत नसेल तर डिजिलॉकरमध्ये बघा. चलान बरोबर असेल तर तिथेच भरून टाका. चुकीचं असेल तर भरू नका, एकदा भरलं की भांडायला काही उरत नाही. महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रार टाका, सोबत चलान नंबर, आरसी आणि नंबर प्लेट, रंग दोन्ही नीट दिसतील असे गाडीचे फोटो. मेव्हण्याने मागून आणि बाजूने असे दोन टाकले, चलान रद्द झालं.

गाडी विकलीय पण आरसी ट्रान्सफर झाली नाही? मग चलान तुमच्याच नावावर येणार, नवीन मालकाला फोन करत बसा.

आणि व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी) आली तर ती उघडायचीच नाही, ती उघडून खाती रिकामी झालेले लोक आहेत.