बॅकग्राउंड थ्रेडमधून स्क्रीन अद्ययावत करणे

नेटवर्कवरून माहिती आणणे, मोठी फाइल वाचणे अशी वेळखाऊ कामे मागे, वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालू ठेवून त्यांचा निकाल स्क्रीनवर बिनधोक दाखवण्याची प्रोग्रॅमिंगमधील पद्धत. अँड्रॉइड, आयफोनचे यूआयकिट, जावाचे स्विंग, विंडोज फॉर्म्स, क्यूटी या स्क्रीन बांधण्याच्या सगळ्या साधनांत मूळ नियम एकच आहे: बटणे, याद्या, अक्षरे यांना हात लावायचा तो एकाच थ्रेडने. त्याला यूआय (यूझर इंटरफेस, म्हणजे वापरणाऱ्यासमोरचा भाग) थ्रेड किंवा मेन थ्रेड म्हणतात. होडीवर जाळे ओढायला खलाशी कितीही असोत, सुकाणू तांडेलाच्याच हातात असते, तसेच हे.

हा थ्रेड एका रांगेतून एकेक काम उचलतो. सेकंदाला ६० वेळा स्क्रीन रंगवायची तर दर वेळी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. मग अनेक थ्रेडना परवानगी देऊन प्रत्येक घटकाला लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) का लावत नाहीत? कारण स्पर्शाची सूचना ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर ॲपकडे येते आणि ॲपचा हुकूम वरून खाली जातो. दोघे तीच लॉक उलट्या क्रमाने घेतात आणि अरुंद साकवावर दोन्ही टोकांनी माणसे शिरावीत तसे मध्येच अडतात.

समजा, हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावाचे भाव दाखवणारे ॲप आहे. भाव आणण्याची विनंती मेन थ्रेडवरच केली, तर अँड्रॉइड ३.० (२०११) पासून ॲप तिथेच बंद पडते. दुसऱ्या कुठल्या कामाने तो थ्रेड अडला आणि स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. बॅकग्राउंड थ्रेडने परस्पर भाव लिहायला घेतला, तरी सहसा एरर. योग्य मार्ग म्हणजे निकाल चिठ्ठीसारखा यूआय थ्रेडच्या रांगेत टाकणे: अँड्रॉइडमध्ये ‘रनऑनयूआयथ्रेड’, स्विंगमध्ये ‘इन्व्होकलेटर’, विंडोज फॉर्म्समध्ये ‘बिगिनइन्व्होक’. तिथला साधा ‘इन्व्होक’ काम होईपर्यंत थांबतो. त्याच वेळी यूआय थ्रेडही त्या बॅकग्राउंड कामाची वाट पाहत असेल, तर दोघेही कायमचे अडकतात.

एवढे पाळूनही सर्वांत घातक चूक शिल्लक राहते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. ऑफिसच्या वायफायवर उत्तर क्षणात येते; बंदरावर सिग्नलची एकच काडी असली, तर वीस सेकंदही लागतात. तेवढ्यात नाखवाने सुरमईवरून पापलेटवर बोट ठेवलेले असते. पापलेटचे उत्तर आधी येते, सुरमईचे मागाहून, आणि पापलेटच्या नावाखाली सुरमईचा भाव दिसतो. ॲप बंद पडत नाही, एरर येत नाही. त्या आकड्यावर मात्र कोणीतरी मासळी विकतो. म्हणून प्रत्येक विनंतीला क्रमांक द्यावा आणि उत्तर आल्यावर तो चालू क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. न जुळल्यास उत्तर टाकून द्यावे. ही तपासणी यूआय थ्रेडमध्येच हवी: तिथे तपासणे आणि लिहिणे यांच्या मध्ये दुसरे काही घुसत नाही. फोन आडवा केल्यावर अँड्रॉइड सहसा जुनी स्क्रीन मोडून नवी बांधते, त्यामुळे जुन्या स्क्रीनसाठी चाललेले काम रद्द करणेही आवश्यक ठरते.

चाचणीसाठी हर्णैला जायलाच हवे असे नाही. प्रत्येक उत्तराआधी शून्य ते वीस सेकंदांचा कमीजास्त विलंब मुद्दाम घालावा आणि सुरमई, पापलेट, बांगडा भराभर आलटूनपालटून दाबून पाहावे.